उमरेडची दीड मिनिटं

ॲन आर्बर, मिशिगन
८ सप्टेंबर २०२४

आदरणीय पंडितकाका,
सविनय जय भीम.

मी उपासना गजभिये. तुम्ही मला ओळखत नाही. धम्मदीप गजभिये हा माझा मोठा भाऊ. गेल्या वर्षी त्याने तुम्हाला पत्र लिहिलं होतं आणि तुमचं उत्तरही आलं होतं. त्याच्या टेबलाच्या खणात तुमचं पाकीट सापडलं. आत पत्र नाही, पण मागे चँडलरचा पत्ता आहे, म्हणून लिहायची हिंमत करते. फोनवर तुम्ही असल्या गोष्टी बोलत नाही, कागदावर लिहिलं तरच उत्तर देता, असं दादा म्हणाला होता.

१९८६ साली उमरेडला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. नालंदा संगीत पार्टी आली होती आणि गिटारवर तुम्ही होतात. आमचे बाबा सेलवरचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत बसले होते. त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी गाणाऱ्या बाई थांबतात आणि तुमची गिटार एकटी वाजत राहते, दीड मिनिटं. आम्ही दोघं ती ऐकतच मोठे झालो. दादाला जगभरातले गिटारवाले पाठ, पण कुणी आवडता विचारला की तो म्हणायचा, "पंडित रामटेके, नागपूर." समोरच्याने गूगल केलं तरी काही सापडायचं नाही. त्याला त्याचीच मजा वाटायची.

इथे आल्यापासून तीन वर्षं त्याला तो आवाज परत काढायचा ध्यास होता. गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायच्या जुन्या सेकंडहँड पेडल्स कुठून कुठून मागवायचा. एकीतून तर मध्येच रेडिओ ऐकू येतो. किचनच्या टेबलावर सगळं मांडून मला हाक मारायचा, "आता ऐक." मी म्हणायची, "हो रे, जवळ आलाय." तो म्हणायचा, "खोटं बोलू नकोस यार."

आता तुम्ही वाजवायचात तसलं, आतल्या फिरत्या टेपवरून सूर परत परत ऐकवणारं जपानी टेप इको मशीन मिळालं आहे. टोलेडोच्या एका आजोबांकडचं. तरुणपणी ते लग्नांत वाजवायचे. दादा सध्या लिहू शकत नाही म्हणून मी विचारते. त्यावर चार बटणं आहेत, कुठलं कुठे ठेवायचं? मला वाजवता येत नाही, पण शार्दूल म्हणून एक मित्र आहे, तो वाजवेल. २० जानेवारीला घरी छोटासा कार्यक्रम आहे. आई-बाबा नागपूरहून येणार आहेत. त्या दिवशी तो आवाज घरात यावा, एवढंच.

आपली,
उपासना

---

चँडलर, ॲरिझोना
१९ सप्टेंबर २०२४

चि. उपासना,
जय भीम.

पत्र मिळालं. आमच्याकडे पत्रपेटी कोपऱ्यावर आहे. पहाटे पाचला फिरून येताना मी उघडून पाहतो, नाहीतर नंतर ऊन इतकं तापतं की किल्लीसुद्धा हाताला चटका देते. आत नेहमी जाहिराती असतात. हाताने लिहिलेला पत्ता बघितला की बरं वाटतं.

आधी तक्रार. तुझ्या भावाला मी डिसेंबरात लांबलचक उत्तर लिहिलं. पोहोचलं की नाही एवढं तरी कळवायचं की नाही? मला वाटलं, पोरगा रागावला. आता नऊ महिन्यांनी बहिणीच्या हातून विचारतो. आणि २० जानेवारीचा कार्यक्रम म्हणजे काय ते न समजायला मी लहान नाही. लग्न ठरलं ना त्याचं? मुलगी कोणाची, कुठली? नवरदेव कामात, म्हणून लिहायला बहिणीला बसवलं. असो. मंगल परिणयाच्या आगाऊ शुभेच्छा. माझ्या दीड मिनिटावर नवरा-नवरी आत येणार असतील तर मला आनंदच आहे.

आता बटणं. पहिलं आवाजाचं, ते अर्ध्यावर. दुसरं किती वेळा आवाज परत यावा त्याचं, ते अर्ध्याच्या जरा पुढे. तिसरं वेगाचं, ते सगळ्यात हळूवर. चौथं मूळ सूर आणि इको यांच्या मिश्रणाचं, ते निम्मं निम्मं. आतली टेप जुनी असेल तर बदलून घ्या. बाकी हाताचं काम. लोक म्हणायचे, पंडितने गिटार रडवली. ते मशीनने होत नाही, बेटा.

मी आता वाजवत नाही. रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालो, बायको सुवर्णा गेली, मग मुलाने, राकेशने, इकडे आणलं. तो चिप बनवण्याच्या कारखान्यात आहे. नातवाला मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो. दोघांनाही समजतं.

तुझा,
पंडितकाका

---

ॲन आर्बर
१४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय काका,
जय भीम.

तुम्ही सांगितलं तसं केलं. टेप नवीन घातली. शनिवारी शार्दूल गिटार घेऊन आला, आम्ही चार तास बसलो. आवाज छान येतो, खूप जुना, खूप गोड. पण तो नाही येत.

कॅसेटवर शेवटी काय होतं ते दादाने वहीत लिहून ठेवलंय. त्याचेच शब्द उतरवते: "मूळ सूर जागेवर राहतो. फक्त इको खाली घसरतो. आधी थोडा, मग जास्त, शेवटी कोणी बोलता बोलता खाली बसावं तसा. हाताने तार ओढली असती तर मूळ सूरही हलला असता. म्हणजे हे हाताचं नाही. चालू असताना टेपच हळू झाली. का? मोटर खराब होती?" त्याखाली दोन रेघा मारल्यात.

शार्दूलने वाजवता वाजवता वेगाचं बटण फिरवून पाहिलं. घसरतो, पण पायरी पायरीने, कोणीतरी मुद्दाम केल्यासारखा. काका, तुमच्या मशीनची मोटर खराब होती का? आठवून सांगाल का?

लग्नाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. त्याबद्दल नंतर लिहीन.

इथे पानं गळायला लागली आहेत. तुमच्याकडे अजून ऊन असेल.

आपली,
उपासना

---

चँडलर
३ नोव्हेंबर २०२४

चि. उपासना,
जय भीम.

मोटर, मोटर! तुझ्या भावानेही हेच विचारलं होतं. मशीन उत्तम होतं. पार्टीच्या मालकाने ते मुंबईहून आणलं होतं आणि मी लेकरासारखं सांभाळायचो. कोणाचा आवाज का आवडतो याचा हिशेब मांडायला बसलात तर हाती तारा आणि स्क्रूच येतील. तुम्ही शिकलेली पोरं प्रत्येक गोष्ट उघडून बघता.

त्याला म्हणावं, स्वतः लिही. गेल्या डिसेंबरात मी सांगितलं होतं की मशीन घे, मग कळेल. घ्यायला एवढे महिने लावले. आळशी आहे तुझा भाऊ. लग्नानंतर बायको सरळ करील.

मी वाजवून दाखवलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला, डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. राकेशने वाढदिवसाला गिटार आणून दिली, ती भिंतीवर आहे. घरी येणाऱ्यांना वाटतं शोभेची आहे.

मुलीचं नाव अजून सांगितलं नाहीस.

तुझा,
पंडितकाका

---

ॲन आर्बर
१७ नोव्हेंबर २०२४

काका,

मुलगी नाही. लग्न नाही. दादा नाही.

२० जानेवारीला, शनिवारी, सकाळी नऊला तो निघाला. टोलेडो इथून तासाभरावर आहे. मशीन विकणाऱ्या आजोबांनी त्याला अकराची वेळ दिली होती. रात्री बर्फ पडून गेला होता, रस्ता स्वच्छ दिसत होता, पण त्यावर बर्फाचा पारदर्शक थर होता. गाडी घसरून पुलाच्या कठड्याला आदळली. मी लॅबमध्ये होते. निघताना तो म्हणाला होता, "चल ना, रस्त्यात पॅनकेक खाऊ." मी म्हटलं, "नाही रे, सोमवारी मीटिंग आहे." ती मीटिंग नंतर कॅन्सल झाली.

तुमचं पत्र त्याने बरोबर नेलं असणार, म्हणून पाकीट रिकामं.

त्याचा फोन मी ऑगस्टपर्यंत उघडला नाही. उघडला तेव्हा त्या आजोबांचे मेसेज होते. "अकरा वाजले." "रस्ते वाईट आहेत, सावकाश ये." "आज जमलं नाही तर हरकत नाही." मग मार्चमध्ये एक, "मशीन अजून तुझ्यासाठी ठेवलं आहे." मी फोन केला. त्यांना वाटत होतं, पोराचा विचार बदलला असेल. माझी मैत्रीण चैत्राली हिच्याबरोबर जाऊन मशीन आणलं. आजोबांनी आम्हाला तळघरात नेलं. त्या दिवशी दादाला बसायला मांडलेली खुर्ची दाखवली.

२० जानेवारीला वर्ष होतंय. कार्यक्रम तो आहे.

तुम्हाला आधीच का सांगितलं नाही? सांगणारच होते. पण तुमचं पहिलं उत्तर आलं आणि त्यात तो होता. नवरदेव होता, कामात होता. मग दुसऱ्यात आळशी होता. काका, इथे सगळे त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. फक्त तुम्ही त्याच्यावर चिडत होतात. तुमचं पत्र येईल म्हणून मी पेटी बघायला धावायची. दोन महिने तो तुमच्या पत्रांत जिवंत होता, आणि मी तो तसाच राहू दिला. तुम्हाला फसवलं, माफ करा.

उपासना

---

चँडलर
२२ डिसेंबर २०२४

चि. उपासना,

पाच आठवडे झाले. रोज लिहायला बसलो. राकेश विचारतो, बाबा, बरं नाही का? त्याला काही सांगितलं नाही. आधी तुला सांगतो.

तू कशाची माफी मागतेस, पोरी. फसवलं मी.

उमरेडला त्या दिवशी संध्याकाळी गावाची लाइट गेली होती. पार्टी भाड्याच्या जनरेटरवर वाजवत होती. शेवटचं गाणं सुरू असताना त्यातलं डिझेल संपत आलं. गाणाऱ्या सुहासिनीबाईंचा माईक आधी गेला, मग ऑर्गन. बल्ब पिवळे पडत गेले. जनरेटर धापा टाकत हळू होत होता आणि त्याच्याबरोबर माझ्या मशीनचं चाकही. म्हणून इको घसरला. धम्मदीपने वहीत लिहिलं ते शंभर टक्के खरं. टेप हळू झाली. मोटर चांगली होती, तिला वीज मिळत नव्हती.

मी काय केलं? काही नाही. समोर माणसं उभी होती, मी वाजवत राहिलो. मग जनरेटर बंद पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं, पंडितने गिटार रडवली. पोस्टरवर छापलं. पुढे कितीतरी गावांत लोक म्हणायचे, ते उमरेडचं वाजवा. मी वाजवायचो, ते तसं व्हायचं नाही, लोक तरी टाळ्या द्यायचे. डिझेल संपलं होतं हे मी कोणाला सांगितलं नाही. सुवर्णालासुद्धा नाही.

इकडे आल्यावर मी राकेशचा बाप. विहारात खुर्च्या मांडतो, नातवाला शाळेतून आणतो. आणि एक दिवस मिशिगनहून पत्र येतं की तुम्ही माझे सगळ्यात आवडते गिटारवादक. चार पानं. त्यात त्याने थेट विचारलं होतं, तुमच्या मशीनची मोटर हळू झाली होती का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. एक ओळ लिहायची होती. हो बाळा, डिझेल संपलं होतं. ती मी लिहिली नाही. मी लिहिलं, मोटर-बिटर काही नाही. माझा हात आणि ते मशीन. मशीन घे, मग कळेल.

म्हणून तो गेला.

हे लिहून माझं मन हलकं होईल असं मला वाटत नाही, आणि होऊही नये. पण तू त्या चार बटणांपुढे बसून शोधत राहशील, ते मला सहन होत नाही. तो आवाज त्या मशीनमध्ये नाही.

उत्तराची अपेक्षा नाही.

पंडित रामटेके

---

ॲन आर्बर
९ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला आई-बाबांना घ्यायला एअरपोर्टवर जायचं होतं. ते कोटाच्या आतल्या खिशात घालून गेले. मी इतकी चिडले होते की गाडी चालवायला नको म्हणून चैत्रालीला नेलं. आई-बाबा महिनाभर राहिले. तो महिनाभर मी तुम्हाला मनातल्या मनात रोज पत्र लिहिलं. ती पत्रं तुम्ही वाचली नाहीत तेच बरं.

२० तारखेला सकाळी वंदना झाली. दादाचे मित्र आले होते, त्याचे प्रोफेसर आले होते. शार्दूल गिटार आणणार होता, त्याला मी नको म्हणून सांगितलं. सगळे गेल्यावर बाबा दादाच्या खोलीत उभे होते. टेबलावर ते मशीन.

"हेच का ते?" बाबांनी विचारलं.

"हो."

"यातून उमरेडचं येतं?"

"नाही बाबा."

बाबा म्हणाले, "कसं येईल? त्या दिवशी तर लाइट जात होती."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काय? सगळं मैदान पिवळं पडलं होतं. जनरेटर आमच्याच बाजूला होता, खोकत होता नुसता. सगळ्यांना वाटलं, संपला कार्यक्रम. लोक चपला शोधायला लागले. ऑर्गनवाला उठून गेला. पण तो गिटारवाला पोरगा थांबला नाही. अंधार होत चालला तरी मान खाली घालून वाजवत राहिला. मग आम्ही परत बसलो. म्हणून तर कॅसेट ठेवली. नाहीतर गाणी काय, सगळ्याच पार्ट्या गायच्या."

दादाने बाबांना हे कधी विचारलं नाही. आवाजाचा विषय म्हणजे आपला, बाबांना त्यातलं काय कळणार, असं आम्हा दोघांनाही वाटायचं. रविवारी फोन असायचा. जेवलास का, थंडी आहे का, एवढंच बोलणं.

तुम्ही जे अडतीस वर्षं लपवलंत ते उमरेडच्या सगळ्या मैदानाला माहीत होतं. आणि लोकांनी टाळ्या त्यासाठीच वाजवल्या होत्या. तुम्हाला वाटलं, त्यांना फसवलं. कोणी फसलं नव्हतं.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहू शकत नाही. नाही केलं असंही लिहू शकत नाही. काही दिवस वाटतं, तुम्ही एक ओळ लिहिली असती तर तो घरी असता. काही दिवस वाटतं, तुम्ही खरं सांगितलं असतं तर तो दोन दिवस हसला असता आणि तिसऱ्या दिवशी जनरेटर आणायला निघाला असता, त्याच रस्त्याने, त्याच बर्फातून. मी त्याला ओळखते.

एक मागणं आहे. बाबांनी तुमचा पत्ता मागितला, मी दिला. ते तुम्हाला लिहितील. तुम्ही मला जे लिहिलंत ते त्यांना लिहू नका. दादा तुमच्या सांगण्यावरून निघाला होता हे त्यांना माहीत नाही. आणि आपण फोनवर नुसतं 'काय शोधतोस' एवढं विचारलं असतं तरी पोराला उत्तर मिळालं असतं, हे अजून त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. ते माझ्यापर्यंतच राहू द्या. मी सांभाळीन.

उपासना

---

चँडलर
२० एप्रिल २०२५

चि. उपासना,
जय भीम.

तुझ्या बाबांचं पत्र आलं. अक्षर सुरेख, सहा पानं. त्यातली पाच उमरेडची. स्टेज कुठे होतं, कोण कोण आलं होतं, परतताना एसटी चुकली म्हणून कोणाच्या घरी जेवले. मला आठवत नाही ते सगळं त्यांना आठवतं. ऑर्गनवाला उठून गेला हे मला माहीतच नव्हतं, मी मान वर केली नव्हती.

सहाव्या पानावर एकच ओळ होती. माझ्या मुलाने तुम्हाला काय लिहिलं होतं, कळवाल का?

दोन दिवस विचार केला. तू सांगितलंस तेवढं पाळलं आहे. माझ्या उत्तराबद्दल एक शब्द लिहिला नाही. पण त्याने काय लिहिलं, ते मी माझ्या शब्दांत कसं सांगणार? ते पत्र माझ्याकडे होतं. चार पानं, निळ्या शाईची. तिसऱ्या पानावर बाबांचं लिहिलंय, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेल्या माणसाचं. तो म्हणतो, मागे एक खोकण्यासारखा आवाज सतत येतो, ते बहुतेक माझे वडील असावेत, त्यांना तेव्हापासून दमा आहे.

सहन झालं नाही मला.

काल राकेशबरोबर पोस्टात जाऊन ते पत्र नागपूरला रजिस्टर केलं. तुझे बाबा वाचतील. तो खोकला जनरेटरचा हे त्यांना कळेल, मग आणखी काय काय कळेल ते माझ्या हातात नाही. तुझा शब्द मोडला असं वाटलं तर मला लिही. पण बापाला लेकाचं अक्षर नाही म्हणायचं, तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

तुझ्यासाठी राकेशने झेरॉक्स काढली, ती सोबत आहे. माझ्याकडे काही ठेवलं नाही.

पंडितकाका